तंबूचं वय उन्हात मोजायचं असतं



सोलापूर म्हटलं की दोन गोष्टी लगेच आठवतात, कापड आणि ऊन. इथली चादर आणि इथला टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. उन्हाबद्दल तर सोलापूरकरांना आम्ही काय सांगणार! आज आपण बघणार आहोत की या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं. चादर बाजूला ठेवू. भूकंप, पूर किंवा आग यानंतर लोकांना डोक्यावर काहीतरी हवं म्हणून जे तंबू आणि ताडपत्र्या दिल्या जातात, त्यांच्या कापडाचं उन्हात काय होतं, हा आपला विषय.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. ऊन कापडाला आतून पोखरतं. ताकद निम्मी झाली तरी तंबू जसाच्या तसा उभा दिसतो. आणि आपल्याकडचं ऋतूंचं वेळापत्रक असं आहे, की कापड सगळ्यात कमजोर झालेलं असतं नेमकं तेव्हाच वादळी वारं सुटतं.

आपत्ती सप्टेंबरात, परीक्षा मे महिन्यात

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी सोलापूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. इथेही लोक घराबाहेर पळाले होते, जखमींना इथल्या रुग्णालयांत आणलं गेलं. ज्यांची घरं पडली ते आधी उघड्यावर, मग मिळेल त्या आडोशाला, मग पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. कायमच्या घरांचं काम पुढे काही वर्षं चालू होतं.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला मोठा पूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. अशा वेळी लोक आधी शाळेत, मंदिरात, कुणाच्या तरी वाड्यात जातात. पण शाळा कधीतरी भरवावीच लागते. ज्याचं घर राहण्यासारखं उरलेलं नाही, तो मग जागेवर येऊन ताडपत्री बांधतो.

दोन्ही घटना सप्टेंबरातल्या आहेत. आता तिथून महिने मोजा. ऑक्टोबरमध्ये तंबू उभा राहिला. थंडीचे चार महिने गेले. मार्च, एप्रिल, मे हे कडक उन्हाचे. आणि मग वळीव. धूळ उडवत येणारा वारा, गारा, विजा, सरी. ऑक्टोबरात नवा असलेला तंबू त्या पहिल्या वळवापर्यंत सात महिने उन्हात उभा असतो.

काही जण म्हणतील, थंडीतलं ऊन कसलं आलंय! तर हिशेब करून बघू. सोलापूरचा अक्षांश साधारण १७.७ अंश उत्तर. २२ डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात खालच्या सूर्याच्या दिवशी, इथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंश वर असतो. लंडनमध्ये मार्च महिन्यात, दिवस-रात्र समान असतात तेव्हा, तो साडेअडतीस अंशांवर असतो. म्हणजे आपला डिसेंबरातला सूर्य त्यांच्या मार्चातल्या सूर्यापेक्षा वर. आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो आपल्या थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा स्वच्छ आकाश असेल तर दुपारचा अतिनील निर्देशांक अकराच्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत अकरा आणि त्यापुढचं सगळं 'अत्यंत तीव्र' या शेवटच्या गटात येतं. ही मोजपट्टी माणसाच्या कातडीसाठी केलेली आहे, पण कापडालाही त्याच किरणांचा त्रास होतो.

धाग्याच्या आत काय घडतं

आता थोडं विज्ञान. सोपं आहे, घाबरू नका.

सूत कसं बनतं हे सोलापुरात सांगावं लागत नाही. कापसाचे आखूड तंतू एकमेकांना पीळ देऊन लांब धागा होतो. तंतू जितके लांब, तितकं सूत मजबूत. हीच गोष्ट तंतूच्या आतही असते. प्रत्येक तंतू हा अतिशय लांब रेणूंचा बनलेला असतो, हजारो कड्या जोडलेल्या साखळीसारखा. कापसात त्या कड्या ग्लुकोजच्या असतात, प्लॅस्टिकच्या धाग्यात कार्बनच्या. कापडाची ताकद म्हणजे शेवटी या साखळ्यांची लांबी.

प्रकाश ऊर्जेच्या छोट्या पुड्यांमधून येतो. लाल प्रकाशाची पुडी लहान, निळ्याची मोठी, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांची त्याहून मोठी. जमिनीवर पोहोचणारे अतिनील किरण साधारण २९० ते ४०० नॅनोमीटरमधले. त्याहून आखूड किरण वातावरणातला ओझोन अडवतो. ३०० नॅनोमीटरच्या किरणाची ऊर्जा मोजली तर दर मोलला सुमारे ४०० किलोज्यूल येते. दोन कार्बन अणूंमधला साधा बंध तोडायला साधारण ३५० किलोज्यूल पुरतात. म्हणजे हिशेबानं ही पुडी एक कडी तोडायला पुरेशी आहे.

सूर्याच्या एकूण ऊर्जेत अतिनील भाग शेकडा पाच-सहाच असतो. पण नुकसान मुख्यतः तोच करतो. आणि तो एकटा नसतो, हवेतला प्राणवायू त्याच्या मदतीला येतो. एक बंध तुटला की तिथे एक अस्वस्थ, अर्धवट तुकडा तयार होतो. तो प्राणवायू ओढून घेतो, शेजारच्या साखळीवर हल्ला करतो, तिथे नवा अस्वस्थ तुकडा तयार होतो. गावात अफवा पसरते ना, तसंच. सुरुवात एकानं केली, पुढे ज्याला त्याला लागण. उष्णतेनं हे सगळं आणखी वेगानं होतं. हवा ४२ अंशांवर असताना गडद रंगाच्या ताडपत्रीचा पृष्ठभाग सहज ६० अंशांच्या वर जातो.

आता लक्षात घ्या. हजार कड्यांची साखळी मधोमध एकाच ठिकाणी तुटली तर लांबी निम्मी होते. वजन तेवढंच राहतं. जाडी तेवढीच. रंग थोडा उडाला असेल, नसेलही. म्हणून तंबू बघून काही कळत नाही. शिवाय झीज एकसारख्या वेगानं होत नाही. सुरुवातीचे काही महिने फारसं काही घडत नाही, आणि मग काही आठवड्यांत कापड एकदम जातं. 'कालपर्यंत तर चांगलं होतं' असं लोक म्हणतात, ते त्यांच्या दृष्टीनं खरंच असतं.

कोणतं कापड किती टिकतं

सगळ्यात नाजूक पॉलिप्रॉपिलीन. सिमेंटची, खताची, साखरेची जी विणलेली पोती असतात ती याचीच. गच्चीवर एखादं पोतं दोन-चार महिने विसरलं आणि मग उचललं, तर हातात भुगा येतो. हा अनुभव बहुतेक घरांत असेल. त्याच्या साखळीत जागोजागी असे कार्बन असतात की ज्यांच्यावरचा हायड्रोजन सहज निघतो, आणि अफवा तिथूनच सुरू होते. संरक्षक रसायन घातलेलं नसेल तर पॉलिप्रॉपिलीन उन्हात ठेवूच नये.

ताडपत्री बहुधा पॉलिइथिलीनची असते. मध्ये विणलेल्या पट्ट्या, दोन्ही बाजूंनी पातळ थर. पॉलिप्रॉपिलीनपेक्षा बरी, पण तिचं आयुष्य सर्वस्वी आत काय मिसळलंय यावर. नायलॉन ताणाला उत्तम, उन्हाला साधारण. पॉलिएस्टर उन्हात त्याहून चांगलं टिकतं. पॉलिएस्टरवर पीव्हीसीचा जाड थर दिलेलं कापड, जे ट्रकवर आणि मोठ्या मंडपांवर दिसतं, ते बरंच टिकाऊ, कारण वरचा थर ऊन स्वतःवर घेतो. पण ते जड आणि महाग.

राहिलं सुती कॅनव्हास. शुद्ध सेल्युलोज अतिनील किरण फारसे शोषत नाही, त्यामुळे सूत तसं सोशिक आहे. त्याचे शत्रू दुसरे. ओल राहिली की बुरशी. आणि रंग. इथल्या रंगकाम करणाऱ्या जुन्या लोकांना हे ठाऊक असतं, की काही पिवळे आणि नारिंगी व्हॅट रंग स्वतः उडत नाहीत, पण उन्हात सुताला कमजोर करतात. रंग पक्का आणि कापड कच्चं! म्हणून मदतकार्यातले अनेक कौटुंबिक तंबू सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेल्या कॅनव्हासचे असतात.

आणि एक गोष्ट नेहमी विसरली जाते: शिवणीचा दोरा आणि ताणाच्या दोऱ्या. कापड निवडताना चर्चा होते, दोऱ्याची होत नाही. शिवणीचा दोरा बारीक असतो, बाहेरच्या अंगाला उघडा असतो, आणि सगळा ताण त्याच्यावर येतो. तंबू फाटला असं आपण म्हणतो तेव्हा कित्येकदा तो उसवलेला असतो. पॉलिप्रॉपिलीनच्या स्वस्त दोऱ्यांची कथा पोत्यासारखीच.

वारीतली राहुटी आणि आपत्तीतला तंबू

इथे एक शंका येते. आषाढी वारीत हजारो राहुट्या लागतात, पंढरपुरात पासष्ट एकरात तर तंबूंचं गावच उभं राहतं. दिंड्यांकडे एकच राहुटी कितीतरी वर्षं चालते. मग मदतीचा तंबू वर्षात कसा जातो?

वारी साधारण तीन आठवड्यांची. वाटेत राहुटी दुपारनंतर उभी राहते आणि पहाटे उतरते. त्यातून आषाढ, म्हणजे बऱ्याचदा ढग. मग ती घडी घालून ट्रंकेत किंवा खोलीत जाते, अंधारात. ती दिवसभर उभी असते असं धरलं, तरी वर्षाला एकवीसच दिवस होतात. ३६५ दिवस उभा असलेला तंबू एका वर्षात सतरा वाऱ्यांइतकं ऊन खातो. प्रत्यक्षात त्याहून जास्तच.

म्हणून तंबूचं वय खरेदीच्या तारखेपासून मोजू नये. उन्हात उभे राहिलेले दिवस मोजावेत. आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांच्या कौटुंबिक तंबूच्या मानकातही आयुष्याची अपेक्षा किमान एक वर्ष इतकीच आहे. तंबू करणाऱ्यानं फसवलेलं नसतं. तो जितक्या काळासाठी बनवलेला असतो त्यापेक्षा जास्त काळ लोकांना त्यात राहावं लागतं, अडचण ही आहे.

ताकद निम्मी झाली म्हणजे नेमकं काय

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट, तर दाब चौपट. हेच उलट बाजूनं बघा. समजा नवा तंबू ताशी ६० किलोमीटरचा वारा सोसतो. कापडाची ताकद निम्मी झाली, तर तो साधारण ४२ किलोमीटरलाच फाटेल. ६० चा वारा क्वचित येतो. ४२ चा वारा वळवाच्या दिवसांत कितीदा येतो, हे तुम्हीच सांगा. संध्याकाळी आभाळ भरून येतं, आत लहान मूल झोपलेलं असतं, धान्याचं पोतं असतं, शाळेची वह्या-पुस्तकं असतात. पुरात जे कसंबसं वाचवलं ते दुसऱ्यांदा भिजतं.

संरक्षण कशाचं मिळतं

कारखान्यात कापडात किंवा थरात तीन प्रकारच्या गोष्टी घालतात. पहिली, किरण अडवणारी. यात काजळीसारखा कार्बन ब्लॅक सगळ्यात प्रभावी आणि स्वस्त. शेतातले काळे पाइप वर्षानुवर्षं उन्हात टिकतात ते त्याच्यामुळे, प्रमाण फक्त दोन-अडीच टक्के. दुसरी, अतिनील किरण शोषून त्यांची निरुपद्रवी उष्णता करणारी रसायनं. तिसरी, 'हॅल्स' नावानं ओळखली जाणारी रसायनं. ती किरण अडवत नाहीत, त्या अस्वस्थ तुकड्यांना गप्प बसवतात. अफवा पसरवणाऱ्याला वाटेतच थांबवण्यासारखं.

आपल्या जिल्ह्यासाठी यात एक बारीक गोष्ट आहे. हॅल्सला गंधक मानवत नाही. गंधकाच्या औषधांमुळे शेतातल्या प्लॅस्टिकचं संरक्षण लवकर संपतं, हे हरितगृहांच्या कागदाबाबत चांगलं माहीत आहे. आपल्याकडे द्राक्षावर भुरीसाठी गंधक वापरतात. तेव्हा बागेत किंवा औषधांच्या खोलीत पडून असलेली जुनी ताडपत्री मदत म्हणून देताना 'दिसायला चांगली आहे' एवढ्यावर जाऊ नका.

घरच्या घरी परीक्षा

प्रयोगशाळेत कापडाला अतिनील दिव्याखाली ठराविक तास ठेवतात आणि आधीची-नंतरची ताकद यंत्रावर ओढून मोजतात. गावात यंत्र नाही, पण बादली आहे.

छताच्या उन्हाकडच्या भागातून एक सेंटिमीटर रुंद आणि वीतभर लांब पट्टी काढा. तशीच दुसरी पट्टी दुमडीच्या आतून किंवा जिथे ऊन लागलं नाही अशा जागेतून. दोन्ही पट्ट्या धाग्याच्या एकाच दिशेत कापलेल्या हव्यात. पट्टीचं एक टोक आडव्या बांबूला घट्ट बांधा, दुसऱ्या टोकाला रिकामी बादली, जमिनीपासून चार बोटं वर. मग तांब्यानं पाणी ओतत जा आणि तांबे मोजा. पट्टी तुटेल तिथे थांबा. बादलीचं वजन दोन्हीकडे धरायला विसरू नका. उन्हातली पट्टी सावलीतल्या पट्टीच्या निम्म्यावर तुटली, तर तो तंबू वळवाच्या आधी बदलायला हवा. कापलेल्या जागी ठिगळ लावून टाका. हे एप्रिलच्या अखेरीस करायचं, जूनमध्ये नाही.

करण्यासारखं आणखी थोडं. तंबू उभा केला त्या दिवशीची तारीख आतल्या बाजूला मार्करनं लिहा. आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो, त्यामुळे छताचा दक्षिण उतार आधी जातो. ताडपत्री असेल तर फेब्रुवारीत दिशा बदलून बांधा. वर हातभर अंतर ठेवून शेडनेट ताणा. ती ऊन स्वतःवर घेते, झिजली तर बदलता येते, आणि आत उकाडाही कमी होतो. दोऱ्या मार्चमध्ये बदला. आणि कापड फडफडू देऊ नका. सैल कापड वाऱ्यानं सारखं दुमडतं आणि उन्हानं कडक झालेला धागा तिथेच मोडतो.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, निळी ताडपत्री चांगली की काळी?

उत्तर: रंगावरून ठरवता येत नाही. काळ्यात कार्बन ब्लॅक पुरेसा असेल तर ती उन्हात जास्त टिकते, पण आत उकाडा फार. मदतकार्यात म्हणूनच अशा ताडपत्र्या पसंत करतात ज्यांच्या आत काळ्या पट्ट्या विणलेल्या असतात आणि बाहेरचे थर पांढरे. काळ्यानं किरण अडतात, पांढऱ्यानं उष्णता परतते. खरेदी करताना अतिनील संरक्षण आहे का आणि किती महिन्यांची हमी, हे बिलावर लिहून घ्या.

प्रश्न: आमच्या कारखान्यावर ऊसतोडीला टोळ्या येतात. कोपीवर तेच मेणकापड दोन-तीन हंगाम वापरतात. त्यांना हे लागू होतं का?

उत्तर: पुरेपूर. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे दोन हंगामांत ते मेणकापड वर्षभराचं ऊन खातं. आपत्तीतल्या कुटुंबाला आपण निदान आपत्तीग्रस्त म्हणतो, यांना तेही म्हणत नाही. कोपीवर पाचट टाकतात त्याचा उन्हापासून फायदा होतो हे खरं, पण शेजारी चूल असते आणि पाचट भडकन पेटतं. म्हणून आम्ही पाचटाऐवजी शेडनेट सुचवू. आणि तो खर्च टोळीवर पडू नये.

प्रश्न: वरून रंग किंवा वॉटरप्रूफ लेप लावला तर गेलेली ताकद परत येते का?

उत्तर: नाही. लेपानं गळती थांबेल, पुढचं ऊनही थोडं अडेल. पण तुटलेली साखळी जुळत नाही. नव्या कापडावर लेप लावला तर उपयोग; गेलेल्या कापडावर लावला तर फक्त ते नवं दिसतं, आणि ते जास्त धोक्याचं.

वेळ झाली आहे. आज ज्यांच्या गावात कुणी अजून ताडपत्रीखाली राहतंय, त्यांनी एवढंच करा: तो आडोसा कधी बांधला ते विचारा, उन्हाचे महिने मोजा, आणि वळवाच्या आधी एक बादली घेऊन जा.